कानस, ट्रॅफिक जॅम आणि फाइल : अवजार लायब्ररीच्या डच भाषांतराच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्यात, कारण गेल्या आठवड्यात जे बदल केले ते का केले हे आता माझं मलाच आठवत नाहीये. तर थोडक्यात काम असं की आइंडहोवनच्या वूनसेल भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक ब्यूर्टहाउस आहे, आपल्याकडचं समाजमंदिर समजा, तिथे दर शनिवारी अवजारं उसनी मिळतात. ड्रिल मशीन, शिड्या, करवती, वॉलपेपर काढायचं वाफेचं मशीन, दोन शिलाई मशिनं, मुलांच्या काही वस्तू. आत्तापर्यंत सगळा हिशोब एका वहीत. आता एक फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळालंय, चांगलं आहे, पण इंग्लिशमध्ये. इथे येणाऱ्या सत्तरीतल्या मंडळींना इंग्लिश येत नाही असं नाही, पण आपल्या गल्लीतला हातोडा न्यायला मी इंग्लिश का वाचू, हे त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.

माझं डच पोटापुरतं, बी-वन परीक्षा पास झालेलं. पण ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. साधारण नऊशे वाक्यं आहेत. कुणीतरी ती आधीच मशीनमधून काढून डच केली होती, मला म्हणे फक्त नजर टाकायचीय.

नजर टाकली. लोखंडकामाच्या खणात ज्या अर्धगोल कानशी आहेत त्यांचं नाव डचमध्ये आलंय 'हाल्फरोंड बेस्टान्ड'. बेस्टान्ड म्हणजे कॉम्प्युटरमधली फाइल. घासायची कानस म्हणजे व्हेइल. रंधा इंग्लिशमध्ये प्लेन, तो झालाय व्लीखटाउख, म्हणजे विमान. सुताराचा गुण्या इंग्लिशमध्ये स्क्वेअर, तो झालाय प्लेइन, म्हणजे गावातला चौक. नट झालाय नोट, खायचं अक्रोड-बदामवालं, पाहिजे होता मूर. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे एक विमान, दोन चौक आणि डबाभर सुका मेवा उसना मिळतो.

११ मार्च, मंगळवार

कानशीचा घोळ कळला. या सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर गेटटेक्स्ट पद्धतीने चालतं, म्हणजे इंग्लिश वाक्य हीच चावी आणि तिच्यासमोर एक डच वाक्य. इंग्लिश अक्षरं सारखी तर चावी एकच. वर मेनूत फाइल आहे, खाली अवजारांच्या वर्गवारीत पण फाइल आहे, इंग्लिशवाल्याला काही फरक पडत नाही, त्याचं दोन्हीकडे भागतं. मी व्हेइल लिहिलं तर मेनूत कानस येते, बेस्टान्ड लिहिलं तर खणात कॉम्प्युटरची फाइल. आणि भाषांतरच न करता फाइल तसंच ठेवलं तर अजून मजा, कारण डचमध्ये त्याच स्पेलिंगचा शब्द आहे, उच्चार 'फीलं', आणि अर्थ ट्रॅफिक जॅम. रोज सकाळी रेडिओवर फीलं किती किलोमीटर लांब ते सांगतात.

संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावला. आप्पा तीस वर्षं उद्यमनगरात फिटर होते. मला पाहिजे होतं ते एवढंच की यादीतली अवजारं नक्की कुठली, कारण इंग्लिश नावावरून मला डोळ्यासमोर काही येईना. मी एकेक नाव वाचत गेले.

"आप्पा, बास्टर्ड फाइल म्हणजे काय हो? शिवी आहे का चुकून काही?"

"शिवी कसली गं. रफ, बास्टर्ड, स्मूथ. दात मध्यम असत्यात तिचे. लहानपणी माझ्या टेबलावरनं उचलून पेन्शिली घासत हुतीस की तिनं."

तर बास्टर्ड फाइल हे कानशीच्या दातांच्या मापाचं खरंखुरं नाव आहे, डचमध्ये पण तसंच, बास्टार्डव्हेइल. सॉफ्टवेअरच्या अपशब्द गाळणीने तो शब्द चांदण्या टाकून झाकला होता, म्हणून मला शंका आली. ती गाळणी बंद केली.

पुढे लेव्हल आलं. मशीनने केलं होतं निवो, म्हणजे पातळी, जशी परीक्षेची पातळी असते तशी. आप्पा म्हणाले, "पाणसळ." एका शब्दात विषय संपला. आणि डच शब्द शोधला तर वातरपास! वातर म्हणजे पाणी. म्हणजे कोल्हापूरच्या गवंड्याने आणि आइंडहोवनच्या गवंड्याने दोघांनी त्या काचेच्या नळीकडे बघून पाणीच आठवलं, आणि इंग्लिशवाला लेव्हल म्हणून मोकळा झाला.

आजपासून पद्धत अशी: इंग्लिश शब्द, मग मराठीत मी काय म्हणेन ते, मग डच. मधला रकाना फक्त माझ्यासाठी.

१६ मार्च, रविवार

मधला रकाना कामाचा आहे हे काल कळलं, पण मी तो भरायच्या आधीच चाचणी घेतली होती म्हणून फजिती व्हायची ती झालीच. पहिल्या पानावर दोन मोठी बटणं आहेत, इंग्लिशमध्ये बॉरो आणि लेंड. डचमध्ये दोन्हीला लेनन चालतं. घेतो तोही लेनन, देतो तोही लेनन, कोण कुणाकडून हे वाक्यातल्या बाकीच्या शब्दांवरून कळतं, आणि बटणाला बाकीचे शब्द नसतात. पानावर शेजारी शेजारी दोन बटणं, दोन्हीवर लेनन, एक हिरवं एक निळं.

चाचणीला आलेल्या एका काकांना शिडी न्यायची होती. त्यांनी निळं दाबलं. सिस्टमने त्यांना शिडीचा फोटो टाकायला सांगितला, त्यांना वाटलं ओळख पटवायला मागतायत, म्हणून त्यांनी आमच्याच शिडीचा फोटो काढून आमच्याच शिडीला स्वतःच्या नावावर भाड्याने लावलं. शांतपणे, सगळे रकाने भरून. वर मला विचारलं की आता उचलू का.

आता घेणाऱ्याला लेनन आणि देणाऱ्याला आउटलेनन, असं केलंय. मराठीत 'उसनं घेणे' आणि 'उसनं देणे' असं मधल्या रकान्यात लिहिलं असतं तर बटण बघताक्षणी खटकलं असतं, कारण आपलं उसनं पण एकटं उभं राहत नाही, त्याला घेणे-देणे लागतंच. असंच लर्न आणि टीचचं, डचमध्ये दोन्हीला लेरन चालतं, आपल्याकडे शिकणं आणि शिकवणं. वर्कशॉपच्या पानावर तिथे अख्खं वाक्यच लिहिलं, एकट्या शब्दावर भरवसा ठेवला नाही.

दुसरी चूक चाचणीला आलेल्या एका काकूंनी पकडली. वस्तू उशिरा आणली तर दंड. इंग्लिशमध्ये फाइन. मशीनने लावलेलं प्रीमा, म्हणजे छान, ठीक. तर स्क्रीनवर चक्क येत होतं की आठवडाभर उशीर : छान, २ युरो. काकू म्हणाल्या, मग मी मुद्दाम उशिरा आणते. पाहिजे तो शब्द बूतं. (आणि आपला दंड तरी कुठे सरळ आहे, शिक्षाही दंड, हाताचाही दंड आणि तालमीत मारायचा तोही दंडच.)

२२ मार्च, शनिवार

पटापट उरकलेले शब्द. सेव्ह : फॉर्म जपून ठेवायचा तेव्हा ऑपस्लान, नवीन घेण्यापेक्षा उसनं घेऊन तुमचे ४० युरो वाचले तिथे बस्पारन. पैसे साठवत जायचे त्याला स्पारन आणि बुडणाऱ्याला वाचवायचं त्याला रेडन, ते दोन्ही आमच्या ॲपमध्ये लागत नाहीत. मशीनने सगळीकडे ऑपस्लान मारलं होतं.

केस : ड्रिलची पेटी. मशीनने खफाल, म्हणजे प्रकरण, घटना या अर्थाने. 'ड्रिल, प्रकरणासह.' बदलून कॉफर.

लेफ्ट : हा मात्र आवडला. दोन शिल्लक असतील तर इंग्लिशमध्ये टू लेफ्ट. डचमध्ये डावीकडे म्हणजे लिंक्स. मशीनने केलं '२ लिंक्स' आणि लोक त्यावर क्लिक करत बसले, कारण वेबपानावर २ लिंक्स म्हटल्यावर माणूस अजून काय करणार. आता 'नॉख २', अजून २ आहेत. आपल्यासारखंच.

प्लग : इलेक्ट्रिकचा असेल तर स्टेकर. डच लोक प्लुख म्हणतात ते भिंतीत भोक पाडून स्क्रूआधी ठोकायच्या प्लास्टिकच्या नळीला. आमच्याकडे दोन्ही आहेत, दोन्हीच्या इंग्लिश नावात प्लग, आणि डच शब्द दिसायला इंग्लिशसारखाच असल्यामुळे ही चूक डोळ्याला दिसतच नाही, स्पेलिंग तपासणाऱ्यालाही नाही. असे ओळखीचे चेहरेच जास्त फसवतात. बेंच पण तसाच. कामाचं बाकडं म्हणजे वेर्कबांक, आणि डचमध्ये बेंच म्हणजे कुत्र्याला झोपवायचा पिंजरा. तो मशीनने इंग्लिशच ठेवलेला, म्हणजे सुतारकामाच्या विभागात कुत्र्याचा पिंजरा. आणि बांक म्हणजे बाकडंही, सोफाही आणि पैशाची बँकही. नदीकाठची इंग्लिश बँक मात्र तिथे ऊव्हर होते.

३० मार्च, रविवार, पाडवा

आज गुढी बाल्कनीत, आणि नेमकं आजच घड्याळ एक तास पुढे गेलं, रात्री दोनचे एकदम तीन. त्यामुळे मुहूर्त गाठायला सकाळी धावपळ झाली, श्रीखंड काल रात्रीच करून ठेवलेलं म्हणून वाचले.

आणि कामात पण तासच निघाले. सॉफ्टवेअरला अनेकवचन द्यावं लागतं, एकाला एक रूप, बाकी सगळ्याला दुसरं, डचचा नियम तोच. मी शहाणपणा करून तासाचं अनेकवचन उरन लिहिलं, व्याकरणाच्या पुस्तकात आहेच ते. शेजारच्या आजींनी वाचून नाक मुरडलं. डचमध्ये आकड्यापुढे तास एकवचनीच राहतो, दोन ऊर, आठ ऊर. वर्षंही तशीच, दोन यार. पण मिनिटं, दिवस, आठवडे, महिने यांना अनेकवचन लागतं. आजींना विचारलं असं का, तर म्हणाल्या, असंच. (त्यावर मी काय बोलणार, आपण दोन रुपये म्हणतो आणि दोन किलोच म्हणतो.)

वर ऊर म्हणजे तास पण आणि वाजलेलं पण. 'ड्री ऊर' म्हणजे तीन तास की तीन वाजता? रिझर्वेशनच्या पानावर इंग्लिशमध्ये हे दोन वेगळे शब्द होते, अवर्स आणि ओक्लॉक, डचमध्ये एकच झाले. म्हणजे उलटा प्रकार, तिथे मला शब्द वाढवावे लागले : वाजलेल्याला ओम, म्हणजे 'ओम ड्री ऊर', आणि मुदतीला 'ड्री ऊर लांग', तीन तासभर.

टाइमचं मात्र नेहमीसारखंच, वेळ असेल तर तेइट, खेप असेल तर केर. 'हे अवजार तीन टाइम्स गेलंय' तिथे 'ड्री केर', हेही एकवचनी. इथे मधला रकाना मात्र फसला, कारण मी वेळ लिहून ठेवलेलं आणि आपण 'तीन वेळा' पण म्हणतो, 'वेळ झाली' पण म्हणतो. खेप लिहायला पाहिजे होतं.

ऊर म्हणजे तास, केर म्हणजे खेप, वेतन म्हणजे माहीत असणे. पहिल्या वर्षी डचच्या क्लासमध्ये मला हे शब्द वहीत देवनागरीत लिहायची सवय होती आणि आईने ती वही बघून विचारलं होतं की हे कुठल्या नोकरीचं चाललंय, वेतन वेतन.

वेतनवरून आठवलं, नो हा शब्द. माहीत असणं म्हणजे वेतन, ओळख असणं म्हणजे केनन. 'डू यू नो हाउ टु युज धिस' आणि 'डू यू नो धिस नेबर' हे दोन्ही आमच्या ॲपमध्ये आहेत. मराठीत 'माहितीय का' आणि 'ओळखता का' इतकं आपोआप होतं की मला दोन क्षण कळलंच नाही यात अडचण काय आहे. लिव्हचंही तसंच, राहणं वोनन, जगणं लेव्हन. नेदरलँडमध्ये आल्यापासून मी या दोन शब्दांत कधीच चुकले नाहीये आणि ऑफिसातले इंग्लिशभाषक सहकारी अजून चुकतात, हे मी मिरवत नाही पण लिहून ठेवते.

५ एप्रिल, शनिवार

फाइलचा मूळ प्रश्न अजून तसाच. गेटटेक्स्टमध्ये चावीबरोबर कॉन्टेक्स्ट म्हणून एक जादा ओळ देता येते, मग तीच इंग्लिश अक्षरं असली तरी दोन वेगळ्या नोंदी होतात. पण ती ओळ भाषांतर करणाऱ्याने मनाने घालून चालत नाही, मूळ कोडमध्ये जिथे तो शब्द आहे तिथेच साधं फंक्शन काढून कॉन्टेक्स्टवालं लावावं लागतं. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पटवायला हवं.

त्यांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं, पण मथितार्थ असा की इंग्लिशमध्ये तर हे स्पष्टच आहे, स्क्रीन बघितली की कळतं. अहो, पण भाषांतर करणाऱ्यासमोर स्क्रीन नसते ना, त्याच्यासमोर नऊशे ओळींची यादी असते, आणि त्यात एका ओळीवर नुसतं 'ओपन' लिहिलेलं असतं. आता हे उघडा असं बटण, की उघडं आहे अशी अवस्था? डचमध्ये बटणाला ओपनन आणि अवस्थेला ओपन, कारण डच बटणांवर क्रियापद मूळ रूपात लिहायची रीत आहे, ऑपस्लान, ओपनन, फरवेइडरन. मी अंदाजाने ओपनन घातलं आणि ब्यूर्टहाउसच्या वेळापत्रकात 'शनिवार : उघडणे' असं आलं.

भांडण्यात वेळ घालवला नाही. फक्त स्क्रीनशॉट पाठवले, विमानाचा, चौकाचा, आणि त्या 'छान, २ युरो'चा. दोन तासांत उत्तर आलं, हसण्याच्या चेहऱ्यासकट, की यादी पाठव. एकतीस शब्दांची यादी पाठवली. फाइल, प्लेन, स्क्वेअर, ओपन, चार्ज, बुक, चेक, रिटर्न, की (कुलपाची स्ल्युटल, कीबोर्डची टूट्स), नट, लेव्हल, ऑर्डर वगैरे.

१२ एप्रिल, शनिवार

आज एकाच शब्दावर दीड तास गेला आणि तो शब्द म्हणजे पुट. पुट इट बॅक. वस्तू परत जागेवर ठेवा, एवढंच.

मराठीत ठेवा. इंग्लिशमध्ये पुट. डचमध्ये ठेवल्यावर ती वस्तू उभी राहणार की आडवी पडणार यावर क्रियापद ठरतं. उभी तर झेटन, आडवी तर लेखन. (हो, लेखन. शेवटचा न बोलताना गिळतात, पण लिहिताना लेखनच. आडवं ठेवणे.) ठेवून झाल्यावर मग ती वस्तू स्तान करते, लिखन करते, हांगन करते किंवा झिटन करते, उभी असते, पडलेली असते, लटकलेली असते, बसलेली असते. नुसती 'आहे' असं फार कमी वेळा.

मला वाटलं सोपं आहे, उंच ते उभं, लांब ते आडवं. ब्यूर्टहाउसचे किल्ल्या सांभाळणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. बाटली उभी केली : स्तान. आडवी केली : लिखन. इथपर्यंत ठीक. मग एक जेवायची ताटली टेबलावर ठेवली, चपटी, आडवीच, आणि विचारलं काय? मी म्हटलं, लिखन. मान नाही. ताटली उभी असते, स्तान. मग त्यांनी तीच ताटली उपडी केली. आता? मी म्हटलं, स्तान असेल आता. परत नाही, उपडी ताटली लिखन. म्हणजे बुडावर टेकून नीट बसली तर ती उभी, मग भले बोटभर उंचीची का असेना. शेजारचा चमचा लिखन, त्याला बूडच नाही. बूट जमिनीवर स्तान. किल्ली कुलपात झिटन, बसलेली. आणि वर्तमानपत्रात छापून आलेली बातमी? उभी. छापील अक्षरं कागदावर उभी असतात म्हणे.

मी त्यांना म्हटलं, आम्ही सगळंच 'ठेवतो'. ते म्हणाले, मग तुमच्या वस्तू पडत नाहीत का?

मधला रकाना इथे काहीच कामाचा नव्हता, हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण गेल्या महिन्यात मी जरा हवेत गेले होते की मराठी मधे घातली की डच सुटतं. ठेवणेपुढे ती गप्प. आपण वाती लावतो, कुंकू लावतो, दार लावतो, झाड लावतो, वशिला लावतो, पण ताटली उभी की आडवी हे विचारत नाही.

आता ड्रिलची पेटी फळीवर उभी राहते, कानस खणात आडवी पडते, दोरी खुंटीला लटकते, आणि वाक्य एकच आहे, कुठलीही वस्तू येऊ शकते. शेवटी ठेवणं सोडूनच दिलं. 'ब्रेंग टेरुख', परत आणा. आणल्यावर ते गृहस्थ ठेवतील, त्यांना माहीत आहे.

१९ एप्रिल, शनिवार

कॉन्टेक्स्टवाली आवृत्ती आली, एकतीसपैकी सत्तावीस शब्द सुटे झाले. फाइल सुटली! खणात व्हेइल, मेनूत बेस्टान्ड. आप्पांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, कानस उलटी धरलीय फोटोत.

चार्ज : बॅटरीच्या ड्रिलवर सूचना होती की परत करण्यापूर्वी चार्ज करा. मशीनचं डच वाचलं तर परत करण्यापूर्वी पैसे आकारा. कुणाकडून, ते दिलेलं नव्हतं. आता 'अक्यू ऑपलादन'. शिवाय पूर्वीला फक्त फोर लिहिलं तर त्याचा अर्थ 'साठी' पण होतो, म्हणून फोरडाट घालून पूर्ण वाक्य केलं.

यू : तू की तुम्ही, हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून टाळत होते. इंग्लिशला त्याचं काही नाही. डचमध्ये ये म्हणजे तू, ऊ म्हणजे आदराचं तुम्ही, आणि अनेकांना यूली. मी सगळीकडे आदराचं घातलं होतं, सत्तरीची माणसं आहेत, माझ्या बोटांना ये टाइप होईना. बैठकीत सगळ्यात वयस्कर बाईच म्हणाल्या की ऊ वाचून मला महापालिकेचं पत्र आल्यासारखं वाटतं. तर सगळीकडे ये. चारशे वाक्यं परत उघडली. फक्त दंडाच्या पत्रात ऊ ठेवलंय, ते महापालिकेसारखंच वाटू दे.

२६ एप्रिल, शनिवार

आज कोनिंग्सडाख, राजाचा वाढदिवस. खरा २७ ला, पण या वर्षी २७ ला रविवार म्हणून एक दिवस आधी. रस्त्यावर व्रेइमार्क्ट, म्हणजे कुणीही परवान्याशिवाय घरातल्या जुन्या वस्तू मांडून विकायच्या, पोरं चादरीवर आपली खेळणी मांडून बसलेली. आम्ही पण टेबल लावलं, लायब्ररीची जाहिरात करायला.

पाटी मी केली होती आणि तीच चुकली. फ्री टूल्सचं डच, बाजाराच्या नावातच व्रेइ आहे म्हणून डोक्यात तेच बसलेलं, मी लिहिलं व्रेइ. फुकट म्हणजे ख्रातिस. व्रेइ म्हणजे मोकळं, स्वतंत्र, रिकामं. बाजाराला व्रेइ म्हणतात ते परवान्यापासून मोकळा म्हणून, वस्तू फुकट म्हणून नाही. दोन महिने मशीनच्या चुका काढल्या आणि केशरी कागदावर मोठ्या अक्षरात स्वतः लिहिलं की आमची अवजारं स्वतंत्र आहेत. एका आजोबांनी थांबून वाचलं, करवतीकडे बघितलं आणि म्हणाले, अभिनंदन तिचं.

ॲपमध्ये मात्र दोन्ही लागतं. पैसे नकोत तिथे ख्रातिस, आणि वस्तू सध्या कुणाकडे नाही तिथे व्रेइ चाललं असतं, पण ती पाटी आठवून मी बस्खिकबार घातलंय, उपलब्ध.

३ मे, शनिवार

आज डच आवृत्ती सुरू. सकाळी दहा ते एक, एकोणीस वस्तू गेल्या, वही बाजूलाच ठेवली होती पण कुणी उघडली नाही. शिडीवाले काका हिरवं बटण दाबून शिडी घेऊन गेले, जाताना मला हिरवं हिरवं असं दोनदा म्हणून दाखवलं.

एक राहिलंच. साडेअकराला एक पाच-सहा वर्षांची पोरगी बापाचा हात ओढत आली आणि म्हणाली, मला स्टेप पाहिजे. स्टेप म्हणजे इथे मुलांची पायाने ढकलायची स्कूटर. आमच्याकडे एक होती, ती गेलेली. बाप म्हणाला, नाही नाही, तुमच्या ॲपवर तीन आहेत, मी स्वतः बघितल्या, आणि त्याने फोन पुढे केला. नोंदणीचा फॉर्म. वर लिहिलेलं : स्टेप १, स्टेप २, स्टेप ३. इंग्लिश स्टेप, पायरी, मशीनने तशीच सोडलेली आणि माझ्या डोळ्याखालून नऊदा तरी गेलेली.

स्टाप पाहिजे होतं. पोरीला खडूंचा डबा दिला, तो तिने घेतला पण माझ्याकडे बघितलं ते काही बरं नाही. रात्री दुरुस्त केलं, आणि गेलेली स्टेप कोणाकडे आहे ते शोधून त्यांना आठवण पाठवली, ऊ वापरून.